मुद्दा क्रमांक सात

साहेब, तुम्हाला माहीत होतं.

हे मी विचारत नाही, सांगतोय. ज्या कागदावर आमच्या बायांचे अंगठे घेतलेत, त्याच्या तिसऱ्या पानावर मुद्दा क्रमांक सात तुम्हीच छापलात. ज्याला माहीत नसतं तो छापत नाही. आणि छापलात तोही कुणासाठी? ज्यांना वाचता येत नाही म्हणून बोलावलं होतं, त्यांच्यासाठी. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

आता तुम्ही मला कारणे दाखवा नोटीस पाठवली आहे. 'आपण पिंपळदरा केंद्रावर लाभार्थींसमोर संमतिपत्रातील मजकुराचे अनधिकृत वाचन करून संभ्रम पसरविला, याचा खुलासा करावा.' मला कागद वाचून दाखवायलाच नेमलं होतं आणि मी कागद वाचून दाखवला, एवढा हा गुन्हा. ठीक. पण माझा खरा गुन्हा तुमच्या नोटिशीत नाही. तो असा, की त्याच्या आधी पाच महिने, माझ्या सख्ख्या बहिणीसमोर, मी तो मजकूर वाचला नव्हता.

हा खुलासा तुमच्याशिवाय बऱ्याच जणांच्या हातात जाणार आहे. त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलंही मी सांगणार. कंटाळा आला तरी शेवटपर्यंत जा.

माझं नाव देवराम थविल. सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. शाळा दुसरीपर्यंत, तीही गुरुजी उगवले तर. वाचायला शिकलो एकोणिसाव्या वर्षी, द्राक्षाच्या पेट्यांसाठी आणलेल्या रद्दीवरून. बिस्किटाच्या पुड्याचं नाव तोंडपाठ असायचं. त्यावरची अक्षरं रद्दीतल्या जाहिरातींत शोधायची, जुळली की खूण करायची. असं करत करत दोन वर्षं गेली. कुणी शिकवलं नाही, कुणी शाबासकी दिली नाही. पण ज्या दिवशी एक अख्खी बातमी, थांबत थांबत का होईना, पार गेली, त्या दिवसापासून मी दुसराच माणूस झालो. म्हणून सांगतो, वाचणं वाईट असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझ्यासमोर तसं कुणी म्हणूही नये.

माझी मोठी बहीण मनकी. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला बायनेच वाढवलं. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत छाटणीला जाणाऱ्या टोळीची ती म्होरकी. तिच्यासकट अकरा बाया.

छाटणी म्हणजे काय ते द्राक्ष खाणाऱ्याला माहीत नसतं. वेलाला दरसाल नव्या काड्या येतात. काडीवर ओळीने डोळे असतात, बारीक फुगीर गाठी. त्यांतल्या एखाद-दुसऱ्या डोळ्याच्या पोटातच द्राक्षाचा घड लपलेला असतो, टाचणीच्या टोकाहून लहान. ऑक्टोबरात काडी अशी कापायची की तोच डोळा टोकाला यावा आणि फुटावा. एक डोळा इकडेतिकडे झाला की फुटतो नुसता पाला आणि बाळ्या, म्हणजे वेल चढायला वापरतो ते तंतू. घड नाही. वर्षभराची बाग गेली. आणि चूक कळते पंधरा दिवसांनी, बाग फुटल्यावर. कापलेली काडी परत जोडता येत नाही.

कुठल्या डोळ्यात घड आहे हे बाहेरून दिसत नाही, असं शिकलेले लोक सांगतात. प्रयोगशाळेत एकरामागे दहा काड्या नेतात, डोळे चिरून भिंगाखाली बघतात आणि रिपोर्ट देतात. पूर्वी तेवढ्यावर भागायचं. पण गेल्या दहा-बारा वर्षांत पावसाचा काही नेम राहिला नाही. डोळ्यात घड धरायच्या दिवसांतच मेमध्ये ढग, जूनमध्ये ऊन, आणि एकाच वेलाच्या दोन काड्यांत मेळ नाही. दहा काड्यांचा रिपोर्ट दहा काड्यांपुरता खरा.

बायला मात्र बाहेरून दिसायचं. कसं, ते तिला सांगता येत नसे. मी खूपदा विचारलं.

"डोळा बघतो की तुझ्याकडे," ती म्हणायची. "ज्याच्या पोटात आहे तो बघतो, रिकामा असतो तो झोपतो. तुला नाय दिसत?"

मला नाय दिसायचं. मला सगळ्या काड्या सारख्या. मी तिच्याच टोळीत सात वर्षं कात्री चालवली आणि सात वर्षं बाया मला हसल्या. "देवाच्या ओळीत देवच पिकवेल," असं म्हणायच्या. बाय सगळ्यांत जास्त हसायची आणि मग माझी ओळ गुपचूप दुरुस्त करायची.

मधुअण्णा संधानांची चार एकर बाग टोळीकडे वीस वर्षं होती. एका वर्षी अण्णांनी काड्या ओळखणारं कॅमेऱ्याचं यंत्र आणलं, चाकांवर फिरणारं. अण्णांनी शंभर काड्या निवडल्या, त्यांवर आधी यंत्र फिरवलं, मग बाय फिरली, मग सगळ्या चिरून भिंगाखाली घातल्या. यंत्राच्या बहात्तर बरोबर आल्या. बायच्या शहाण्णव.

"चार कुठं चुकल्या गं मनकीबाई?" अण्णा म्हणाले.

"त्या तुमच्या भिंगवाल्याच्या चुकल्या असतील," बाय म्हणाली.

अण्णा असे हसले की टोपी पडली. यंत्र परत गेलं.

तर साहेब, मुद्दा सात कशाबद्दल होता ते आता कळेल.

दोन वर्षांपूर्वी टोळीतली भागी गेली. फवारणी झालेल्या बागेत सकाळीच शिरली. बांधावर पाटी होती, लाल अक्षरांत. भागीला पाटी म्हणजे पाटी, जशी खताची असते, बियाण्याची असते. तीन दिवस सलाईनवर होती. मुलीला दूध पाजू का, असं विचारत होती. चौथ्या दिवशी संपली. त्यानंतर बाहेरदेशीच्या खरेदीदारांनी अट घातली, की बागेतल्या प्रत्येक मजुराला औषधाचा इशारा स्वतः वाचता आला पाहिजे. साक्षर कामगार कार्ड नसेल तर निर्यातीच्या बागेत पाय नाही. अट योग्यच होती. भागीसाठी ती आधी यायला हवी होती.

तेव्हा पाड्यावर एक संध्याकाळचा वर्ग चालायचा. दोन वर्षांचा. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई दिवा-बत्तीला येऊन शिकवायच्या. तो तुम्ही बंद केलात, कारण तुमच्याकडे टोपी आली होती. एकवीस दिवसांत साक्षर.

ती टोपी म्हणजे काय, ते मला प्रशिक्षणात सांगितलं ते सांगतो. प्रशिक्षण तुम्हीच दिलंत, त्यामुळे चूक असेल तर तुमची.

माणसाच्या मेंदूत वाचनाची जागा जन्मतः नसते. मेंदू लाखो वर्षांचा आणि लिपी पाचेक हजार वर्षांची. जागा राखून ठेवणार कोण? डाव्या कानाच्या मागे, आत, खालच्या अंगाला एक पट्टा असतो. नजरेने बारीक फरक ओळखायचं काम तो करतो. चेहरे, पानं, जनावरं, ज्याला जे लागेल ते. मूल वाचायला शिकतं तेव्हा अक्षरं या पट्ट्यात शिरतात आणि तिथं आधी असलेलं हळूहळू बाजूला सरकतं, पलीकडच्या अंगाला घर करतं. त्याला वर्षं लागतात. सावकाश होतं, म्हणून कुणाचं काही हरवत नाही. मीही तसाच सावकाश शिकलो.

टोपी सावकाश करत नाही. चुंबकाचे ठोके देऊन ती तो पट्टा भुसभुशीत करते आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे अक्षरं धावतात. नांगरलेल्या जमिनीत बी पटकन धरतं. पण त्या जमिनीत आधीचं काही उभं असेल तर? तीस वर्षं एकच गोष्ट ओळखत आलेल्या बाईच्या त्या पट्ट्यात काय उभं असेल?

हे मी प्रशिक्षणातच विचारलं होतं. इतक्या नीट शब्दांत नाही, पण विचारलं होतं. मुद्दा सात असा आहे: 'काही व्यक्तींमध्ये दृश्य-ओळखीच्या पूर्वार्जित कौशल्यात आंशिक अथवा पूर्ण, क्वचित कायमस्वरूपी घट संभवते.' मी हात वर करून म्हणालो, मॅडम, याचा अर्थ आधी येत होतं ते जाईल, असाच ना?

तुमच्या मॅडम गोड हसल्या. "देवराम, गोळ्यांच्या पाकिटातला कागद तुम्ही कधी वाचता का? तसंच आहे ते. वाचून दाखवताना सातवर थांबू नका. घाबरतात हो लोक."

"म्हणजे वाचूच नको?"

"मी तसं म्हटलं नाही," मॅडम म्हणाल्या. "थांबू नका म्हटलं."

ही तुमची भाषा. तिच्यात कुणाचा हात सापडत नाही.

अण्णांच्या पॅकिंग शेडमध्ये, दुपारची भाकरी झाल्यावर, अकरा बाया क्रेट पालथे घालून बसल्या. मी तुमच्या योजनेचा अक्षरसेवक, वाचता येतं म्हणून नेमलेला. गळ्यात तुमचं ओळखपत्र, अंगात इस्त्रीचा शर्ट. टोपी टेबलावर ठेवली, तर हशाच सुरू झाला. मऊ, पांढरी, हनुवटीखाली बंद. बायांनी तिचं नाव तिथेच ठेवलं, टोपडं.

"आधी बारसं कुणाचं?"

"मनकीबायचं! पाळणा आणा गं!"

"नाव काय ठेवायचं?"

"आधी अंगठेबहाद्दर, आता सहीबहाद्दर!"

बायही हसत होती. मग हात वर करून म्हणाली, "गप बसा. देवा वाचतोय."

साहेब, माझी बहीण माझ्यासाठी कुणाला गप बसवत होती, हे आयुष्यात पहिल्यांदा.

मी वाचू लागलो. एक, दोन, तीन. सोप्या भाषेत समजावून. सहा वाचला. मग श्वास घेतला आणि म्हणालो, "आठ. टोपी ही शासनाची मालमत्ता असून..."

"थांब," बाय म्हणाली. "सहा झाल्यावर आठ कसा रे?"

तुमच्या मॅडमना एक गोष्ट माहीत नव्हती आणि मी विसरलो होतो. अक्षर न येणाऱ्या बाईला मोजता येत नाही असं थोडंच आहे? बायचा जन्म डोळे मोजण्यात गेला. एक चुकला तर बाग जाते.

"सात कोरा आहे, बाय," मी म्हणालो.

"कोरा?"

"सरकारी कागदात राहतो असा एखादा. पुढंमागं काही लिहायचं झालं तर."

"म्हणजे आमच्यासारखाच की," कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हशा झाला. बाय माझ्याकडे बघत होती. तिने बघणं थांबवलं आणि शाईच्या डबीत अंगठा बुडवला. तिच्या मागोमाग दहा अंगठे पडले.

आता मी का वाचलं नाही, ते. तुम्ही महिन्याला तीस लाभार्थ्यांचं उद्दिष्ट दिलं होतं, हे कारण आहे. मॅडम बोलल्या होत्या, हे कारण आहे. कार्ड नसतं तर टोळी घरी बसली असती, हेही आहे. ही तिन्ही खरी आहेत आणि तिन्हींच्या मागे मी लपू शकतो. पण खाली आणखी एक आहे. मला वाटलं, गेली तिची नजर थोडी, तर जाऊ दे. होऊ दे तिला एकदा माझ्यासारखं. तिला यावं लागू दे माझ्याकडे, 'देवा, हे काय लिहिलंय?' असं विचारत. हे मला त्या श्वासात वाटलं, सहा आणि आठच्या मधल्या. हे लिहिताना माझे कान तापले आहेत. पण लिहितोय.

एकवीस दिवस बाया ओळीने एकेक टोपडं घालून बसल्या, रोज दीड तास. दहाव्या दिवशी बाय अक्षरं जोडू लागली. पंधराव्या दिवशी तिने अण्णांच्या गोठ्यावरची कॅलेंडराची पानं एका दमात वाचली, सणवारांसकट. एकविसाव्या दिवशी मी सगळ्यांना बागेत घेऊन गेलो. बांधावर तीच लाल पाटी होती. बायने तिच्यावर बोट ठेवलं.

"फ-वा-रणी... फवारणी केली आहे. आत... जाऊ नये."

दुसऱ्यांदा सलग वाचलं. मग ती बांधावर बसली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "देवा, एवढंच लिहिलं होतं? भागी एवढ्यासाठी गेली?"

सगळ्या बाया रडल्या. मीही रडलो. तुमच्या फोटोग्राफरने तो फोटो काढला. तुमच्या पत्रकावर पहिल्या पानावर आहे तो. खाली लिहिलंय, 'आनंदाश्रू'.

त्याच आठवड्यात बाय गावातल्या चष्म्याच्या दुकानात जाऊन आली. का, ते कुणाला सांगितलं नाही. दुकानदार म्हणाला, नजर उत्तम आहे, मावशी, सुईत दोरा ओवाल.

ऑक्टोबर आला. अण्णांच्या बागेत टोळी उतरली. नेहमी बाय पहिल्या वेलाशी उभी राहायची, दोन-चार काड्या हातात फिरवायची आणि कात्री सुरू. बाकीच्या तिचं बघून कापायच्या, अडलं की तिला हाक मारायच्या. या वेळी ती बराच वेळ उभी राहिली. मग अण्णांकडे गेली.

"भिंगवाल्याचा रिपोर्ट आलाय ना? द्या इकडं."

तिने तो कागद वाचला. मोठ्याने, सगळ्यांसमोर. "सरासरी... फलधारक डोळा... पाचवा."

अण्णांनी टाळ्या वाजवल्या, साहेब. ते मला म्हणाले, "देवराम, तू पांग फेडलेस बहिणीचे." मी मान खाली घालून हसलो.

चार एकर बाग पाचव्या डोळ्यावर कापली गेली. अकराच्या अकरा कात्र्या, एकसारख्या. इतक्या झटपट छाटणी कधीच झाली नव्हती, कारण कुणाला बघायचंच नव्हतं. दिवस संपायच्या आत त्या बांधावर बसून पाणी प्यायच्या आणि एकमेकींशी फारसं बोलायच्या नाहीत. ते मला तेव्हा दिसलं नाही. वाचता येतं म्हणून सगळं दिसतं असं नाही.

पंधराव्या दिवशी बाग फुटली. हिरवीगार. पाला, पाला आणि बाळ्या. ओळीमागून ओळ चालत गेलो. चार-पाच वेलांमागे एखादा घड.

अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बायला बांधाच्या कोपऱ्यावर घेऊन गेले. तिथल्या एका वेलाची एक काडी कापायची राहून गेली होती.

"मनकीबाई, ही बघ आणि मला सांग. कितव्यावर?"

बायने काडी हातात धरली. फिरवली. उन्हाकडे धरली. मी तिच्या मागे उभा होतो, मला तिची मान तेवढी दिसत होती. टोळीतल्या बाया जवळ येऊन थांबल्या.

मग बाय म्हणाली, "रिपोर्ट कुठंय?"

अण्णांनी तोंड फिरवलं. वीस वर्षांत त्यांनी तिला कधी परत पाठवलं नव्हतं. त्या दिवशीही पाठवलं नाही, तीच आपण होऊन चालू लागली. मागोमाग दहा जणी. पुढच्या आठवड्यात आजूबाजूच्या चारही बागांनी यंत्रं मागवली. शंभरातली बहात्तर आता बरी वाटू लागली होती.

दोन दिवसांनी सकाळी बाय माझ्या घरी आली. हातात संमतिपत्राची तिची प्रत, घडीवर घडी घातलेली. उंबऱ्यातच बसली. चहा नको म्हणाली.

"वाचते, ऐक," ती म्हणाली. बोट कागदावर ठेवून तिने सातवा मुद्दा पहिल्यापासून वाचला. 'पूर्वार्जित'वर अडली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मी सांगायला गेलो तर हाताने थांबवलं. संपल्यावर विचारलं, "आंशिक म्हणजे?"

"थोडंसं."

"कायमस्वरूपी कळलं मला." ती थांबली. "तू हे वाचलं होतंस ना, आम्हाला वाचून दाखवायच्या आधी?"

"हो."

"कळलं होतं?"

नाही म्हणता आलं असतं. शब्द अवघड होते, मी दुसरी शिकलेला, तिने मानलंही असतं.

"कळलं होतं, बाय."

तिने कागदाची घडी घातली. मला वाटलं उठेल, तोंडात मारेल. लहानपणी मारायची. मी तयार होतो, खरं तर वाट बघत होतो.

"मला वाटलं मोतीबिंदू आलाय," ती म्हणाली. "दुकानदार म्हणाला, नजर चांगली आहे. मग वाटलं, म्हातारी झाले. कुणाला सांगायची लाज वाटली, म्हणून रिपोर्टावर ढकललं. आता टोळीतल्या भुरीला विचारलं, सखूला विचारलं. सगळ्यांचं तसंच. सगळ्या जणी एकमेकींपासून लपवत होत्या." मग म्हणाली, "काड्या सगळ्या सारख्या दिसतात रे, देवा. तुला दिसायच्या ना, तशा."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"सात वर्षं तुला हसले मी. तुला खरंच दिसत नव्हतं. मला वाटायचं तू आळशी. ते चुकलं माझं."

साहेब, ती माझी माफी मागत होती. माझ्या उंबऱ्यात बसून, माझ्यामुळे गेलेली नजर जमिनीवर लावून. तुम्ही मला निलंबित करा, बडतर्फ करा, खटला भरा. याच्यापेक्षा खाली तुम्ही मला नेऊ शकत नाही. मी तिथे जाऊन आलोय.

मग तिने विचारलं, "टोपडं आता कुठं जाणार?"

"सोमवारी. पिंपळदऱ्याला. चोवीस जणी आहेत."

"सात वाच," ती म्हणाली. "मी येते."

तर तो झाला तुमचा 'संभ्रम'. समाजमंदिरात चोवीस बाया होत्या. मी एक ते सहा वाचले, आणि सात तीनदा वाचला, आणि मग आमच्या भाषेत सांगितला. मग बाय उभी राहिली. भाषण वगैरे नाही. "मी मनकी थविल. मी डोळे ओळखायची. आता वाचते. दोन्ही होत नाही या टोपड्यात. ज्यांना जे हवं त्यांनी ते घ्या," एवढंच.

तुम्हाला वाटतं त्या घाबरल्या. काही घाबरल्या. एक जण, डोक्यावर क्रेट वाहणारी, म्हणाली, "माझ्या डोळ्यांत जाण्यासारखं आहे काय? घाला मला." दुसरी म्हणाली, "माझी सासू म्हणते, मी पोरांच्या चेहऱ्यावरून ताप ओळखते. मी नाही देणार ते." एक म्हातारी म्हणाली, वर्गच सुरू करा परत, मला घाई नाही. त्यावर दुसरी म्हणाली, तुलाच तर घाई पाहिजे! हसल्या सगळ्या. नऊ जणींनी अंगठे दिले, पंधरा जणींनी वर्ग मागितला. अर्ध्या तासात झालं. समजून घ्यायला आणि ठरवायला आमच्या बायांना अर्धा तास लागला, आणि तेवढाही द्यायला तुम्ही तयार नव्हता. मीही नव्हतो.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सरकलेलं कधीकधी पलीकडच्या अंगाला परत रुजतं, तीन वर्षांत, पाच वर्षांत, किंवा नाही. बाय आता शेडमध्ये पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. चिठ्ठ्या वाचून चिकटवते, एक चुकत नाही. घरी पेपर वाचते, माझ्याआधी. मला हाका मारून बातम्या सांगते आणि माझ्याशी नीट बोलत नाही, दोन्ही एकदम.

खुलासा इथे संपला. आता माझं विचारणं, म्हणजे खरं तर तिचं.

पिंपळदऱ्याहून परत येताना जीपची वाट बघत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. तिने पुन्हा तो कागद काढला. मला वाटलं, पुन्हा मला दाखवणार. पण ती स्वतःशीच वाचत होती, ओठ हलवत. मग सातव्याच्या पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवून म्हणाली, "देवा, या 'काही व्यक्ती' कोण?"

मी म्हणालो, असंच लिहितात. मोघम.

"असंच कसं लिहितील? त्यांना कळलं कसं, की असं होतं? कुणाचं तरी झालं असेल ना आधी. आमच्या आधी. त्यांनी बघितलं असेल, मग लिहिलं असेल."

बावीस वर्षं मी वाचतोय साहेब, आणि हे मला सुचलं नव्हतं.

तेव्हा उत्तर द्या. नियमावली पाठवू नका, परिपत्रक पाठवू नका. तुमच्या पहिल्या चाचणीत टोपी कुणाच्या डोक्यावर घातली होती? किती जणी होत्या? त्यांना सात वाचून कुणी दाखवला? की तेव्हा सात नव्हताच, आणि त्यांचं गेलं म्हणून तो लिहिला गेला? त्या आज कुठे आहेत? त्यांना कुणी सांगितलं का, की त्यांचं काय गेलं? की त्याही कुठल्या तरी चष्म्याच्या दुकानात जाऊन, म्हातारी झाले म्हणत, गप्प बसल्या आहेत?

त्यांच्यातली पहिली कोण होती, साहेब? तिचं नाव लिहा. गाव लिहा. आणि तिला आधी काय ओळखता यायचं, ते लिहा.